निधी आलाय, मार्च जवळ आलाय: जुन्या दफनभूमीत आधी कशाला हात लावायचा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात तुमच्या ख्रिस्ती मंडळीची दफनभूमी आहे, सव्वाशे-दीडशे वर्षं जुनी. मागच्या बाजूला इंग्रज काळातल्या कबरी, मधे मिशनच्या काळातल्या, फाटकाजवळ अलीकडच्या. लोकप्रतिनिधींचा निधी मंजूर झालाय आणि तो मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे. ठेकेदाराने अंदाजपत्रक दिलंय: कंपाउंड वॉल, प्रवेशकमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, लॉन, आणि जुन्या कबरींना सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट. दगड कललेत, काही पडलेत. नवीन दफनाला जागा पुरत नाही, म्हणून कमिटीतले काहीजण म्हणतात की मागच्या कबरी काढून टाका, त्यांचं आता कोण येतंय? तुम्ही कमिटीत नवीन आहात आणि विचारताय की सुरुवात कुठून करायची. शेवटी जाता जाता रंगाचंही विचारलंय.

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो. वाडे, देवळं, चर्च, आणि त्यांच्यासोबत ओघाने येणाऱ्या समाध्या आणि कबरी. तुमची यादी वाचून पहिलं मनात आलं ते असं की यातलं जवळजवळ प्रत्येक काम नवीन बांधायचं आहे, आणि तुमची एकही अडचण नवीन बांधून सुटणारी नाही. दगड कलतायत ते पाण्यामुळे. जागेची ओढाताण आहे ती कमिटीने नियम ठरवलेला नाही म्हणून. आणि मागच्या कबरींचं कोणी नाही असं वाटतं, कारण त्या कुणाच्या हे लिहिलेलं कागदावर नाही. पैसा आधी नोंदीवर जाऊ द्या, मग पाण्याच्या वाटेवर. कमान झालीच तर सगळ्यात शेवटी.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून सांगू शकत नाही. जागा कुणाच्या नावावर आहे? नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. महापालिकेच्या नावावर, चर्चच्या ट्रस्टच्या नावावर की कुठल्या जुन्या मिशनच्या नावावर, यावरून पुढची सगळी परवानगीची वाट बदलते. सार्वजनिक न्यासाची जमीन असेल तर १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार ती विकायला किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. हे लिहिण्याचं कारण असं की 'रस्त्याकडेची पट्टी दुकानांना देऊ, त्यातून देखभाल होईल' ही कल्पना प्रत्येक कमिटीत कधी ना कधी निघतेच. जागा भुईकोट किल्ल्याच्या जवळ असेल तर पुरातत्त्व खात्याचा १०० मीटरचा मनाईचा आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित पट्टा लागू होतो का ते भिंतीचा पाया खोदण्याआधी पाहा, नंतर नाही. शहराच्या वारसा यादीत नाव आहे का तेही विचारून घ्या.

तुमची दफनभूमी ख्रिस्ती आहे म्हणून मी त्या अंगाने लिहितो. लिंगायत रुद्रभूमीचं गणित वेगळं असतं. तिथे देह बसलेल्या स्थितीत पुरतात, त्यामुळे खड्डा लांबीला कमी आणि खोलीला जास्त, ओळींची मापं वेगळी. कबरस्तानात चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आपल्याकडून पश्चिमेला, त्यामुळे कबरी उत्तर-दक्षिण लागतात. जुन्या ख्रिस्ती कबरी बहुधा पूर्व-पश्चिम. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गावात असंच काम निघालं असेल तर एवढं लक्षात ठेवा की रस्ते आणि पाट या ओळींच्या दिशेनेच काढायचे. नकाशावर सुबक दिसतो म्हणून आडवा रस्ता टाकला की तो कुणाच्या तरी छातीवरून जातो.

नोंदीचं काम असं करा. मोजणी करणारा टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) घेऊन आला तर काहीशे कबरींचे कोपरे दोन-तीन दिवसांत टिपून देतो. तेवढे पैसे नसतील तर दोरी आणि खुंट्या लावून १० मीटरचे चौकोन पाडा, टेपने मोजा, आलेख कागदावर उतरवा. चुकेल थोडं, चालेल. प्रत्येक कबरीला क्रमांक द्या, पण तो नकाशावर. दगडावर ऑइल पेंटने आकडे टाकू नका आणि खिळ्याने पत्र्याचे बिल्ले ठोकू नका. मोबाइलवर फोटो काढताना अक्षरं उमटत नसतील तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर या. ऊन तिरकं पडलं की झिजलेली अक्षरं सावलीने वर येतात. दगड सावलीत असेल तर एकाने मोठा आरसा धरून बाजूने उजेड टाकायचा. खडू, पीठ, कोळसा घासून अक्षरं उठवणं बंद. खडूची भुकटी बारीक भेगांत बसते आणि निघत नाही.

सोलापुरात या कामाची एक गंमत आहे. एकाच आवारात इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि कन्नड दगड सापडू शकतात. ज्याला जी लिपी येते त्याला ती ओळ द्या. पूर्व भागातला एखादा तेलुगू वाचणारा ज्येष्ठ माणूस आणि कन्नड वाचणारी एखादी शिक्षिका रविवारी दोन तास आली तरी खूप होतं. दगडावर जसं आहे तसंच उतरवा, चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासकट. सुधारून लिहिलेली नोंद पुढे वंशजाला सापडत नाही.

मग चर्चचं दफन रजिस्टर काढा आणि ताडून बघा. मागच्या भागासाठी अजून एक वाट आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी ब्रिटनमध्ये १९७६ साली 'बाक्सा' नावाची संस्था निघाली. तिच्याकडेही माहिती असते आणि दुरुस्तीला छोटी मदत मिळते. फार मोठी रक्कम धरून चालू नका, पण पत्र लिहायला काय जातंय. १९१४ ते १९२१ किंवा १९३९ ते १९४७ या काळातला एखादा सैनिकाचा दगड सापडला तर तो युद्धकबर असू शकतो. त्याला हात न लावता राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाला कळवा. खडकीची युद्धकबरभूमी तेच सांभाळतात.

'त्यांचं कोण येतंय' याला उत्तर म्हणूनही ही यादी लागते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या थॉमस मन्रोने सोलापूर घेतलं, मग छावणी बसली, १८६० साली रेल्वे आली, १८७० च्या दशकात गिरणी, शिवाय अमेरिकन मराठी मिशनचं काम. या शहरात कोण कुठून आलं, कुठल्या वयात गेलं, हे सलग लिहिलेल्या फार थोड्या जागा आपल्याकडे उरल्यात. तुमची मागची ओळ ही त्यातली एक आहे. नकाशा हातात आला की कमिटीतला वादही बदलतो. 'ते जुने दगड' म्हणणारा माणूस नाव आणि वय वाचल्यावर तसं सहसा बोलत नाही. अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र नोंदीतही येणार नाही. रिकामी दिसणारी जागा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने सोसला, पुढे प्लेग आला, १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. अशा वेळी गेलेल्यांना आणि तान्ह्या बाळांना दगड कोण लावणार? म्हणून जुन्या आवारातली मोकळी जागा मोकळी आहे असं धरायचंच नाही, विशेषतः कुंपणाच्या कडेची. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी सकाळी जाऊन बघा. बरेचदा जमिनीवर माणसाच्या लांबीचे खोलगट आयत दिसतात, किंवा तेवढ्यापुरतं गवत जास्त हिरवं दिसतं. ते नकाशावर टिपून ठेवा. भिंतीचा पाया सलग चर खोदून घालण्याऐवजी ठरावीक अंतरावर खांब आणि वर जमिनीपासून उचललेली पट्टी घेतली तर खोदाई फार कमी होते. इंजिनियर नाक मुरडेल, कारण दर वेगळा लावावा लागतो. आग्रह धरा. खोदताना अस्थी लागल्याच तर काम थांबवा, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि पोलिसांना कळवा, आणि त्यांच्या समोर जागच्या जागी पुन्हा माती द्या. दफनस्थळाची विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. मजुरांना हे आधीच समजावून सांगणं ही तुमची जबाबदारी, ठेकेदारावर सोडू नका.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण तुमचे दगड इथेच कललेत.

आपल्याकडे पाऊस कमी, जिल्ह्याची सरासरी वर्षाला ५०० ते ५५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पाण्याचा निचरा हा विषय कुणाच्या डोक्यात येत नाही. पण यातला मोठा हिस्सा सप्टेंबरच्या काही सरींत पडतो, आणि पडतो तो काळ्या मातीवर. काळी माती पाणी प्यायली की फुगते, मे महिन्यात वाळली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी हे चक्र चालतं. कबरीच्या एका बाजूला पाणी साचत असेल तर ती बाजू जास्त फुगते आणि जास्त आक्रसते. दगड दरवर्षी केसभर सरकतो. सव्वाशे वर्षांत तो किती कलेल हिशेब करा. त्याला सरळ करून खाली काँक्रीटचा गट्टू ओतला तरी माती तीच आणि पाणीही तेच राहतं. मग गट्टूसकट कलतो, आणि आता तो सरळ करायला ब्रेकर लागतो.

म्हणून आधी शोधा की पाणी येतंय कुठून. माझा अंदाज सांगू? बाहेरच्या रस्त्यावरून. सोलापुरात काय, सगळीकडेच, रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि जुनी आवारं खाली गेली. पूर्वी फाटकातून पाणी बाहेर जायचं, आता तिथूनच आत येतं. एका जोरदार सरीत छत्री घेऊन उभे राहा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा ते पाच मिनिटांचं चित्रीकरण महापालिकेच्या अभियंत्याला लवकर पटतं. फाटकाशी उंबरठ्यासारखा हलका चढ आणि त्याबाहेर जाळीची गटार एवढ्यानेही अर्धं पाणी थांबू शकतं.

आतलं पाणी वळवायला कबरींच्या मधून काँक्रीटची गटारं खोदू नका. खोदाई नको हे एक, आणि फुटलेलं गटार कबरीच्या पायातच पाणी मुरवतं हे दुसरं. उथळ, रुंद, बशीसारखे पाट काढा, तळाला दगडगोटे बसवून केलेली पिचिंग, उतार नैसर्गिक बाजूला. पायवाटा मुरुमाच्या, मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरत्या, चांगल्या दाबलेल्या. पेव्हर ब्लॉकच हवे असतील तर फक्त मुख्य वाटेवर, खाली काँक्रीट न घालता खडी आणि कचेवर (दगडाच्या बारीक चुऱ्यावर) बसवलेले, म्हणजे उद्या उचलता येतील. कबरींच्या चारी बाजूंनी पेव्हर मात्र नकोच. सगळं पाणी मग एकाच फटीतून, बरोबर कबरीच्या कडेने आत उतरतं.

पाणी गोळा करून आवारातच शोषखड्डा काढू असं कोणी सुचवेल. दफनभूमीत तो काढायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने १९९८ साली दिलेल्या मार्गदर्शनात दफन आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत २५० मीटर अंतर सांगितलंय. आपल्या दाट शहरात ते जुळणं कठीण, पण निदान मुद्दाम पाणी मुरवून तेच भूजल ढवळू नये. आवारात बोअर असेल तर झाडांना वापरा, नळावर 'पिण्याचे पाणी नाही' असं ठळक लिहा. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात लोक कुठूनही हंडा भरतात.

दगडांचं काम. पडलेला दगड ही घाई नाही, तो पडून चुकला. घाई आहे ती पडू शकणाऱ्याची. उंच क्रूस, निमुळते स्तंभ, पातळ उभ्या फरश्या तळहाताने हलकेच दाबून बघा. हलत असेल तर दोरी लावा, मुलांना लांब ठेवा, आणि जमत असेल तर तो सावकाश आडवा करून मुरुमाच्या थरावर, अक्षरं वर ठेवून निजवा. पुन्हा उभा करण्याची वेळ पाणी वळल्यानंतर एक पावसाळा गेल्यावर.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल कमिटीत तुम्हाला भांडावं लागणार आहे, तर कारण नीट समजून घ्या. त्या काळातल्या बऱ्याच कबरींचा गाभा विटांचा, चुन्यात बांधलेला, वर चुन्याचाच गिलावा आणि समोर संगमरवराची किंवा दगडाची पाटी. जमिनीतला ओलावा विटांतून वर चढतो आणि चुन्यातून बाहेर पडतो. त्यावर सिमेंटचा थर चढवला की बाहेर पडायची वाट बंद. ओलावा आतच राहतो, त्यातले क्षार विटेत स्फटिक धरतात, आपण ज्याला लोणा लागणं म्हणतो ते सुरू होतं. वरून तीन-चार वर्षं छान गुळगुळीत दिसतं. मग एक दिवस सिमेंटचा आख्खा पापुद्रा निघतो आणि त्याच्या मागे विटेची भुकटी येते. ऑइल पेंट तेच काम थोड्या स्वस्तात करतो.

म्हणून चुना. भिजवून मुरवलेला चुना, स्वच्छ वाळू, गरजेप्रमाणे सुरखी, म्हणजे विटांची पूड. सुरुवातीला एक भाग चुन्याला तीन भाग वाळू धरून आधी एका कोपऱ्यात नमुना करून बघा. सांधे भरताना जुना भुसभुशीत झालेला माल लोखंडी छिन्नीने न फोडता बांबूच्या कामटीने किंवा बोथट पट्टीने खरवडा, पाणी मारा, मग भरा. ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा आणि निदान दोन आठवडे ओल टिकवा. चुन्याचं काम करणारा गवंडी आजकाल मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण शोधला तर मिळतो. जुन्या वाड्यांची, मठांची दुरुस्ती कुठे चालू आहे बघा आणि तिथल्या गवंड्याला विचारा. दगड उचलायला आणि बसवायला वडार समाजातली जुनी जाणती माणसं सोलापुरात आहेत. पहारीवर पाचशे किलोचा दगड ते ज्या हलकेपणाने फिरवतात ते क्रेनवाल्याला जमत नाही.

जुन्या दगडांत लोखंडी पिना आणि पट्ट्या असतात. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. तुटलेला क्रूस जोडताना पुन्हा लोखंडी सळई घालू नका. चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरा. फटीत एपॉक्सी आणि वर सिमेंट लिंपणारा कारागीर आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

साफसफाई म्हणजे साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. ॲसिड कुणीही आणलं तर फाटकावरच थांबवा. संगमरवर आणि शहाबादी फरशी दोन्ही चुनखडीच्या जातीचे, ॲसिडमध्ये विरघळतात. काळा दगड टिकेल, पण त्याच्या सांध्यातला चुना जाईल. संगमरवरी पाट्यांत अक्षरं कोरून त्यात शिसं भरलेलं असतं. तारेच्या ब्रशने ते उचकटतं आणि नाव कायमचं जातं. दगडावरची हिरवी-काळी बुरशी दिसायला वाईट असली तरी बहुतेक वेळा ती नाव खात नाही, तारेचा ब्रश खातो.

झाडं आणि गवत. लॉन तर यादीतून सरळ काढा. ४३ अंशांच्या सोलापुरात, पाण्याच्या या परिस्थितीत लॉन कोण जगवणार? आपलं गवत पावसाळ्यात उगवतं, दिवाळीनंतर वाळतं. ते दोनदा कापलं की पुरे, सप्टेंबरअखेर आणि नोव्हेंबरात. कबरींच्या जवळ मशीनची नायलॉन दोरी नको, विळा वापरा. तणनाशकाची सरसकट फवारणी नको. जमीन उघडी पडली की काळी माती वाहते आणि भेगा वाढतात. गाजर गवत मात्र फुलायच्या आधी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. वेडी बाभूळ जमिनीलगत कापली की दुप्पट फुटते, आणि कबरीशेजारी तिचं खोड खोदून काढणं म्हणजे कबर खोदणं. तिथे कापून ताज्या छेदावर फक्त कुंचल्याने तणनाशक औषध लावा. सांध्यात उगवलेला पिंपळही ओढून काढू नका, विटा सोबत येतात. तोही कापा, छेदावर औषध, वाळला की सांधा भरा. जुन्या कडुनिंबाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ५० वर्षांवरच्या झाडाला तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षाचा दर्जा आहे. मुळाने एखादी कबर उचलली असेल तर मूळ न तोडता वाट वळवता येते का ते बघा.

हायमास्ट नको. सगळं आवार पांढरंफटक करून बाहेरच्या अंधाराला काही फरक पडत नाही. फाटकाशी आणि मुख्य वाटेवर कमी उंचीचे दोन-चार दिवे पुरतात. रात्रीच्या दारूच्या बैठका हा तुमचा खरा त्रास असणार, तुम्ही लिहिलं नसलं तरी. त्याला दिव्यापेक्षा रखवालदार आणि बंद होणारं फाटक लागतं. भिंतही पूर्ण बंद करू नका. खाली तीन फूट दगडी आणि वर जाळी ठेवली की रस्त्यावरून आत दिसतं, आणि जे दिसतं तिथे बैठक बसत नाही.

जागेचा प्रश्न बांधकामाचा नाही, तो ठरावाचा आहे, आणि तो पाळक, पंच आणि कुटुंबं यांनीच सोडवायचा. मी फक्त इतरत्र काय चालतं ते सांगतो. एकाच कुटुंबाच्या कबरीत ठरावीक वर्षांनी पुन्हा दफन, हा सगळ्यात सोपा मार्ग. मुंबईतल्या अनेक कॅथलिक दफनभूमींत काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुन्हा वापरतात. तुमच्या मंडळीला हे मान्य आहे का, किती वर्षांनी, कुटुंबाला कसं कळवायचं, वर्तमानपत्रात सूचना द्यायची का, हे सगळं लिहून सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. आजपासून नवीन कबरींवर किती मोठं बांधकाम चालेल यालाही मर्यादा घाला. जागा खाते ती मागची सव्वाशे वर्षांची ओळ नाही, गेल्या वीस वर्षांतले ग्रॅनाइटचे ओटे खातात. तुमच्या नकाशावर क्षेत्रफळ काढून बघा, बरेचदा हेच दिसतं. मागची ओळ उकरायची परवानगी मिळवायला जेवढी वर्षं जातील तेवढ्यात कोनाड्यांची भिंत उभी राहील.

आता मार्चचं. असा निधी टिकाऊ कामालाच मिळतो, त्यातून रखवालदाराचा पगार देता येत नाही. मग त्यातून मोजणी आणि हद्द निश्चिती, फाटक, बाहेरची गटार, आतले पाट, मुरुमाच्या वाटा, दिवे आणि हत्यारांची छोटी खोली एवढं घ्या. हे सगळं फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात करता येतं. अंदाजपत्रक सुधारून घेता येतं, अजून कार्यादेश निघाला नसेल तर उद्याच अर्ज द्या. चुन्याचं आणि दगडाचं काम यात घुसवू नका. मार्च-एप्रिलच्या उन्हात चुना वाळतो, धरत नाही. ते पुढच्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, वर्षाला आठ-दहा कबरी, मंडळीच्या स्वतःच्या पैशातून. त्यासाठी दर कुटुंबाकडून छोटी वार्षिक वर्गणी आणि नवीन कबरीमागे देखभालीची एकरकमी ठेव. ठेव बँकेत, व्याज वापरायचं. कमिटी बदलली तरी रखवालदार राहिला पाहिजे.

राहता राहिला रंग. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी किंवा ईस्टरला कबरी पांढऱ्या करायची पद्धत चांगली आहे, मोडू नका. फक्त डिस्टेंपर आणि ऑइल पेंटऐवजी चुन्याची सफेदी द्या, आणि ती गिलावा असलेल्या कबरींनाच. दगडाला आणि पाटीला नाही, ओल्या कापडाने पाटी झाकून मग हात फिरवायचा. मुरवलेला चुना पाण्यात दुधाइतका पातळ करा, कापडातून गाळा, चिकटपणासाठी थोडा डिंक. मीठ घालायला सांगतात, घालू नका, लोणा लागायला आपण होऊन बोलावणं नको. भिंत आधी ओली करून तीन पातळ हात. मुलं मदतीला येणार असतील तर डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही. उरलेला घट्ट चुना फेकू नका. वर चार बोटं पाणी ठेवून झाकण लावा, पुढच्या वर्षी तो जास्त चांगला लागतो.